सीमा व अवकलज : संकल्पनांचा व त्यांच्या अध्यापनाचा इतिहास

कलनशास्त्राचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रथम येणाऱ्या दोन संकल्पना म्हणजे सीमा व अवकलज. एखाद्या फलनातील चलाची किंमत एका ठराविक संख्येच्या जवळ जवळ नेत गेल्यास फलनाची किंमत ज्या संख्येच्या हवी तितकी जवळ आणता येते, तिला त्या फलनाची सीमा म्हणतात. आणि फलनातील वाढीचे चलातील वाढीशी असलेले गुणोत्तर, चलातील वाढ शून्याकडे जात असता, ज्या सीमेकडे जाते तिला अवकलज म्हणतात. व्याख्या दोन ओळींत संपते. तथापि तिच्यातील अडचण शालेय उदाहरणातही लगेच प्रत्ययास येते. क्ष² या फलनाचा अवकलज काढताना क्ष ऐवजी क्ष + ह घेतला, तर फलनातील वाढ २क्षह + ह² इतकी येते. तिला ह ने भागले असता २क्ष + ह हे गुणोत्तर मिळते व नंतर ह सोडून दिला की २क्ष हे उत्तर येते. भागाकार करतेवेळी ह शून्य असून चालत नाही, कारण शून्याने भागणे निषिद्ध आहे; आणि शेवटच्या पायरीत मात्र त्याला शून्य मानल्याखेरीज उत्तर मिळत नाही. मग ह शून्य आहे की नाही, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मंदबुद्धी नसून, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपातील श्रेष्ठ गणितज्ञांना ज्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, तोच प्रश्न तो विचारीत असतो. या उत्तराचा शोध बव्हंशी वर्गातच लागला, ही या इतिहासातील विशेष लक्षणीय गोष्ट होय. त्यातील महत्त्वाचे अनेक ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानांतून निर्माण झाले आहेत.

पूर्वेतिहास : वक्राने वेढलेले क्षेत्रफळ आतून व बाहेरून बहुभुजाकृतींच्या साहाय्याने कोंडीत पकडण्याची आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांची रीत सीमेच्या विचाराशी नाते सांगते, परंतु सीमा ही स्वतंत्र संकल्पना म्हणून तिच्यात येत नाही. भारतात ग्रहांची दैनिक गती काढताना हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने पुढे आला. ग्रहाची गती क्षणोक्षणी पालटत असल्याने आजच्या व उद्याच्या स्थानांतील अंतर ही त्याची स्थूल गती होय, इष्ट क्षणीची गती नव्हे. दुसरे भास्कराचार्य (१११४–११८५) यांनी सिद्धान्तशिरोमणी (११५०) या ग्रंथात तात्कालिक गतीचा विचार केला असून भुजज्येतील अल्पकालीन फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हा नियम त्यासाठी वापरला आहे. आधुनिक परिभाषेत, ज्येचा अवकलज कोटिज्या असतो, हाच तो नियम. लीलावतीतील शून्यपरिकर्माचे एक उदाहरण या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्या गुणाकाराचे निम्मे मिळविले, तिनाने गुणले व शून्याने भागले असता ६३ येतात, तर ती संख्या कोणती, असा प्रश्न आहे. पुढे क्रिया शिल्लक असेल तर शून्य हा गुणक तसाच राखून ठेवावा आणि नंतर शून्याने भागण्याचा प्रसंग आल्यास संख्या अविकृत समजावी, या नियमाने उत्तर १४ येते. हे गणित ग्रहगणितात फार उपयोगी पडते, अशी पुस्तीही आचार्यांनी जोडली आहे. येथे सीमेची संकल्पना सिद्ध झाली होती असे म्हणणे हा अतिरेक होईल. परंतु राखून ठेवलेले हे शून्य आणि वरील उदाहरणातील ह यांची जात एकच आहे, हे मान्य करावे लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे असून तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. केरळातील माधव (सु. १३४०–१४२५) व त्यांच्या परंपरेतील गणितज्ञांनी ज्या, कोटिज्या व वर्तुळपरिघ यांसाठी अनंत श्रेढी मिळविल्या. ज्येष्ठदेव यांच्या युक्तिभाषा या सोळाव्या शतकातील मलयाळम् ग्रंथात त्यांच्या उपपत्ती दिल्या आहेत. या ज्ञानाचा यूरोपातील पुढील घडामोडींशी संबंध आल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

न्यूटन व लायप्निट्स : प्येअर द फेर्मा (१६०१–६५) यांनी महत्तम व लघुत्तम मूल्ये काढण्याची जी रीत बसविली, तीत चलात अल्प वाढ करून दोन राशी जवळजवळ समान मानावयाच्या, वाढीने भागावयाचे आणि उरलेली वाढ गाळावयाची, अशा पायऱ्या होत्या. भागणे आणि गाळणे या दोहोंना एकत्र नांदविण्याचा अधिकार कोठून आला, हे त्यांनी सांगितले नाही. रने देकार्त यांनी १६३८ मध्ये या रीतीवर घेतलेल्या आक्षेपांमागे व्यक्तिगत चुरस असली, तरी आक्षेप अगदीच निराधार नव्हते.

आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी १६६५–६६ मध्ये व गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स (१६४६–१७१६) यांनी १६७५ च्या सुमारास, परस्परांपासून स्वतंत्रपणे, विखुरलेल्या रीतींना एका सार्वत्रिक पद्धतीचे रूप दिले. न्यूटन यांची दृष्टी गतिविज्ञानाची होती. राशी कालाबरोबर वाहत असतात व त्यांच्या वाहण्याचा वेग हा शोधावयाचा, अशी त्यांची मांडणी होती. प्रिन्सिपिया (१६८७) या ग्रंथात त्यांनी अनंतसूक्ष्म राशींना टाळून, नाहीशा होत असलेल्या राशींच्या अंतिम गुणोत्तराची भाषा वापरली. गुणोत्तर राशी नाहीशा होण्यापूर्वीचे नव्हे व नंतरचेही नव्हे, तर ज्या क्षणी त्या नाहीशा होतात त्या क्षणीचे होय, हे त्यांचे स्पष्टीकरण सीमेच्या संकल्पनेच्या अगदी उंबरठ्यावर येऊन थांबते. लायप्निट्स यांनी १६८४ मध्ये लाइपसिक येथील आक्ता एरुडिटोरुम या नियतकालिकात आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. त्यात नियम होते, चिन्हे होती, उपपत्ती जवळजवळ नव्हती. ही चिन्हे इतकी सोयीस्कर ठरली की, ती पूर्ण न समजताही वापरता येत. ज्ञानप्रसाराच्या दृष्टीने हा त्यांचा गुण होता आणि दोषही होता.

दोन फलनांच्या गुणाकाराचा अवकलज म्हणजे त्यांच्या अवकलजांचा गुणाकार, असे नवशिका विद्यार्थी हटकून लिहितो. नोव्हेंबर १६७५ मधील आपल्या टिपणात लायप्निट्स यांनी स्वतः हीच शक्यता विचारात घेतली होती. ती त्यांनी उदाहरण घेऊन पडताळली, चुकीची ठरविली आणि थोड्याच दिवसांत बरोबर नियम मिळविला. क्ष × क्ष हे साधे उदाहरण घेतले, तर चुकीच्या नियमाने १ येतो व खरा अवकलज २क्ष आहे. एवढ्या पडताळ्याने जी चूक सुटते ती पाठांतराने सुटत नाही, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

पहिले पाठ्यपुस्तक : अवकलनाचे पहिले छापील पाठ्यपुस्तक एका खाजगी शिकवणीतून जन्मास आले. बाझेल येथील योहान बेर्नुली (१६६७–१७४८) हे १६९१ च्या अखेरीस पॅरिसला आले, तेव्हा त्यांचे वय २४ होते. तेथील सधन सरदार व गणिताचे जाणते रसिक मार्की द लॉपिताल (१६६१–१७०४) यांनी त्यांच्याकडून नव्या शास्त्राचे धडे घेतले. बेर्नुली परत गेल्यावर शिकवणी पत्राने चालू राहिली. मार्च १६९४ मधील एका पत्रात लॉपिताल यांनी दरसाल ३०० लिव्हर मानधन देऊ केले व त्या बदल्यात आपल्या प्रश्नांची उत्तरे आणि नवे शोध आपल्यालाच कळवावेत, इतरांना कळवू नयेत, अशी अट घातली. १६९६ मध्ये लॉपिताल यांचे अनंतसूक्ष्मांच्या विश्लेषणावरील पुस्तक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. प्रस्तावनेत त्यांनी बेर्नुली बंधूंचे, विशेषतः धाकट्या बंधूंचे ऋण मोघमपणे मान्य केले आहे. अंश व छेद दोन्ही शून्य होत असता गुणोत्तराची किंमत काढण्याचा, आज लॉपिताल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्यात आहे. वस्तुतः तो बेर्नुली यांनी पत्राने कळविला होता. लॉपिताल यांच्या निधनानंतर बेर्नुली यांनी आपला हक्क सांगितला, परंतु त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. त्यांच्या अवकलनावरील व्याख्यानांची प्रत बाझेल येथे सापडून १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले.

हे पुस्तक दोन गृहीतांवर उभे आहे. ज्या दोन राशींत अनंतसूक्ष्म फरक आहे त्यांतील कोणतीही दुसरीच्या जागी घ्यावी, हे पहिले. आणि वक्र ही अनंत अतिसूक्ष्म सरळ बाजूंची बहुभुजाकृती मानावी, हे दुसरे. गृहीते मागून घेतली की पुढचे सर्व ओघाने येते. रचना सुबोध असल्यामुळे हे पुस्तक दीर्घकाळ वापरात राहिले. मिलान येथील मारिया गाएताना आन्येसी (१७१८–९९) यांनी बीजगणितापासून कलनापर्यंतचा विषय सलगपणे मांडणारा दोन खंडांचा इटालियन ग्रंथ १७४८ मध्ये प्रसिद्ध केला. विस्तृत व क्रमबद्ध पाठ्यग्रंथ म्हणून त्याची योग्यता याहून मोठी होती.

बर्क्ली यांचा आक्षेप : आयरिश तत्त्वज्ञ व बिशप जॉर्ज बर्क्ली (१६८५–१७५३) यांनी १७३४ मध्ये द ॲनालिस्ट ही पुस्तिका लिहून या गृहीतांच्या वर्मावरच बोट ठेवले. धर्मातील गूढ तत्त्वांना हसणारे गणितज्ञ स्वतः त्याहून गूढ गोष्टींवर श्रद्धा ठेवतात, हे दाखविणे हा त्यांचा हेतू होता. हेतू काही असो, तर्क बिनतोड होता. वाढ काही आहे असे मानून काढलेला निष्कर्ष, वाढ काहीच नाही असे मानल्यावर टिकविता येत नाही. पहिले गृहीत सोडले की त्यावर उभारलेले सर्वच सोडले पाहिजे. उत्तरे बरोबर येतात हे बर्क्ली यांना मान्य होते. ती बरोबर येण्याचे कारण, दोन चुका परस्परांना छेदतात हे होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. स्कॉटिश गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन (१६९८–१७४६) यांनी १७४२ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहून, आर्किमिडीज यांच्या धर्तीवर भूमितीच्या आधाराने न्यूटन यांची पद्धती निर्दोष करून दाखविली. परंतु ती इतकी लांबलचक झाली की, विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगी राहिली नाही.

यूरोप खंडात लेओनहार्ट ऑयलर (१७०७–८३) यांनी १७५५ मधील अवकलनावरील ग्रंथात अनंतसूक्ष्म राशी म्हणजे सरळ शून्यच होत, असे सांगून टाकले. दोन शून्यांतील गुणोत्तर काहीही असू शकते व त्याची नेमकी किंमत काढणे हेच अवकलनाचे कार्य, अशी त्यांची भूमिका होती. याउलट झां ल राँ दालांबेअर (१७१७–८३) यांनी फ्रेंच विश्वकोशातील आपल्या नोंदींत अनंतसूक्ष्मांना रजा देऊन सीमेची संकल्पना हा कलनाचा खरा पाया होय, असे प्रतिपादन केले. मात्र त्यांच्या वर्णनाप्रमाणे राशी सीमेच्या हवी तितकी जवळ येते, पण तिला ओलांडीत नाही. हा निर्बंध अनावश्यक आहे. –१, १/२, –१/३, १/४, … ही क्रमिका शून्याकडे जाताना प्रत्येक पावलाला शून्य ओलांडते आणि तरीही तिची सीमा शून्यच असते. मराठीत सीमा म्हणजे गावाची शीव, आणि शीव न ओलांडण्याचा अर्थ त्या शब्दाला चिकटलेला आहे. म्हणून तर दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला महत्त्व. गणितातील सीमेचे उल्लंघन रोजच होत असते, हे विद्यार्थ्याला आरंभीच सांगणे आवश्यक असते. फ्रेंच शब्दानेही दालांबेअर यांना असेच फसविले असण्याचा संभव आहे.

बर्लिन अकादमीने १७८४ मध्ये गणितातील अनंताचा स्पष्ट व काटेकोर सिद्धांत मांडण्यासाठी पारितोषिक जाहीर केले. १७८६ मध्ये ते स्विस गणितज्ञ सिमाँ ल्वीलिए यांना मिळाले. सीमेसाठी लॅटिन शब्दाची तीन अक्षरे लिहिण्याचा प्रघात त्यांच्या निबंधापासून सुरू झाला. अकादमीचे परीक्षक मात्र निबंधावर पूर्णपणे संतुष्ट नव्हते.

एकोल पोलितेक्निक : फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये पॅरिस येथे अभियंत्यांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या एकोल पोलितेक्निक या संस्थेने या विषयाचे रूपच पालटून टाकले. तोपर्यंत कलनशास्त्र अकादमीतील मोजक्या विद्वानांचे होते. आता ते शेकडो तरुणांना ठराविक मुदतीत शिकविणे भाग पडले आणि पाया दाखविण्याची निकड निर्माण झाली. झोझेफ ल्वी लाग्रांझ (१७३६–१८१३) यांनी तेथील व्याख्यानांवर आधारित ग्रंथ १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. अनंतसूक्ष्म, सीमा, वेग या सर्वांना बाजूस सारून प्रत्येक फलन घातश्रेढीत मांडता येते असे त्यांनी मानले व तिच्यातील वाढीच्या पहिल्या घाताच्या सहगुणकाला अवकलज म्हटले. अवकलजासाठी फलनाच्या चिन्हावर दिली जाणारी तिरपी खूण त्यांचीच. ही युक्ती चतुर असली तरी तिच्या मुळाशी असलेले गृहीत खोटे होते.

ते खोटे असल्याचे त्याच संस्थेतील ओग्यूस्तीन ल्वी कोशी (१७८९–१८५७) यांनी उदाहरणाने दाखविले. शून्याशी ज्याचे सर्व अवकलज शून्य होतात, परंतु जे फलन स्वतः इतरत्र शून्य नाही, असे फलन त्यांनी पुढे ठेवले. त्याची घातश्रेढी त्याचे प्रतिनिधित्व करीत नाही. १८२१ मधील विश्लेषणावरील व्याख्यानग्रंथात व १८२३ मधील कलनाच्या सारग्रंथात कोशी यांनी सीमा ही मूळ संकल्पना मानली आणि सांतत्य, अवकलज, समाकल व श्रेढींची अभिसारिता या सर्वांच्या व्याख्या तिच्यावरून दिल्या. सीमा ओलांडली जाऊ नये हा निर्बंध त्यांनी घातला नाही. अवकलज हा प्रथमच, गुणोत्तराची सीमा अस्तित्वात असेल तर ती, असा ‘असेल तर’ सह आला. आजच्या पाठ्यपुस्तकांचा अनुक्रम बहुतांशी येथून चालत आलेला आहे. समकालीन विद्यार्थ्यांना मात्र हे रुचले नाही. पायाभूत गोष्टींवर फार वेळ जातो व अभियंत्यांना लागणारे उपयोजन मागे पडते, अशी तक्रार संस्थेच्या चालकांनी कोशी यांच्याविरुद्ध वारंवार केली. तक्रार सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणवत नाही. परंतु कोशी यांनी ती मनावर घेतली असती, तर विश्लेषणाची प्रगती बरीच लांबली असती. प्राग येथील बेर्नार्ट बोल्ट्सानो (१७८१–१८४८) यांनी सांतत्याची तितकीच नेमकी व्याख्या १८१७ मध्येच दिली होती, पण ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

कोशी यांच्या शब्दरूप व्याख्येत एक पळवाट राहिली होती. संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज संततच असते, असे प्रमेय त्यांनी १८२१ मध्ये मांडले. त्याला अपवाद असल्याचे नील्स हेन्रिक आबेल (१८०२–२९) यांनी १८२६ मध्ये निदर्शनास आणले. ‘हवी तितकी जवळ’ या शब्दांत कोणती राशी आधी ठरवावयाची व कोणती तिच्यावरून, हा क्रम स्पष्ट नव्हता. तो स्पष्ट करण्याचे श्रेय कार्ल व्हायरश्ट्रास (१८१५–९७) यांच्याकडे जाते. सुमारे १४ वर्षे त्यांनी माध्यमिक शाळांत अध्यापन केले व त्यात गणिताबरोबर हस्ताक्षर आणि व्यायाम हे विषयही त्यांच्याकडे होते. बर्लिन विद्यापीठात आल्यावर १८६१ च्या सुमारास दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी सीमेच्या व्याख्येतून गतीची भाषा पूर्णपणे काढून टाकली. काहीही कशाकडे जात नाही. कोणतीही धन संख्या, मग ती कितीही लहान असो, प्रतिपक्षाने सांगावी. तिच्यासाठी दुसरी धन संख्या अशी दाखविता आली पाहिजे की, चल ठराविक संख्येपासून या दुसऱ्या संख्येपेक्षा कमी अंतरावर असला (पण तीशी समान नसला), तर फलनाची किंमत सीमेपासून पहिलीपेक्षा कमी अंतरावर असेल. ‘समान नसला’ हा कंसातील शब्दप्रयोग बर्क्ली यांना दिलेले उत्तर होय. क्ष² चा क्ष = ३ येथील अवकलज काढताना गुणोत्तर ६ + ह येते. ते सहापासून ह इतकेच दूर आहे; म्हणून सहापासूनचे अंतर ०.००१ पेक्षा कमी हवे असेल तर ह चे केवल मूल्य ०.००१ पेक्षा कमी ठेवले म्हणजे झाले. ह ला शून्य करण्याचा प्रसंग कोठेच येत नाही. व्हायरश्ट्रास यांनी हे पाठ्यपुस्तकरूपाने छापले नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांमधून ते यूरोपभर पोहोचले आणि १८७२ मध्ये एडुआर्ट हाइने यांनी ते लेखरूपाने प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. आंद्रे मारी आंपेअर यांनी १८०६ मध्ये, काही तुरळक बिंदू सोडल्यास प्रत्येक फलनाला अवकलज असतोच, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला होता व अनेक पाठ्यपुस्तकांनी तो स्वीकारला होता. व्हायरश्ट्रास यांनी १८७२ मध्ये बर्लिन अकादमीपुढे, सर्वत्र संतत पण कोठेही अवकलज नसलेले फलन मांडले. त्यामुळे आकृतीवरून अवकलजाचे अस्तित्व गृहीत धरण्याची सवय कायमची निकालात निघाली. दुसरी गोष्ट रिखार्ट डेडेकिंट (१८३१–१९१६) यांच्या पुस्तिकेची. १८५८ मध्ये झुरिक येथील तंत्रविद्यालयात कलनाची मूलतत्त्वे प्रथमच शिकविताना, वाढत जाणारी पण मर्यादेत राहणारी राशी एखाद्या सीमेपर्यंत पोहोचतेच, हे सांगण्यासाठी आपल्याला आकृतीचा आधार घ्यावा लागतो, याची त्यांना टोचणी लागली. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला त्यांना वास्तव संख्यांची, पुढे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली, छेदपद्धती सुचली. ती त्यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांपुढे उभे राहिल्यावर जाणवलेली ही उणीव नसती, तर वास्तव संख्यांची उपपत्ती इतक्या लवकर झाली असती की नाही, याची शंकाच आहे.

इंग्लंड व भारत : न्यूटन यांच्यावरील निष्ठेमुळे इंग्लंडमध्ये त्यांची बिंदुचिन्हे शंभर वर्षे टिकून राहिली व देश यूरोप खंडातील प्रगतीपासून अलग पडला. केंब्रिज येथे १८१२ मध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या विद्यार्थ्यांनी ॲनालिटिकल सोसायटी स्थापन केली आणि १८१६ मध्ये सिल्व्हेस्त्र लाक्र्वा यांच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकाचा अनुवाद प्रसिद्ध केला. मूळ लेखकाने सीमापद्धती वापरली म्हणून अनुवादकांनी टीपांत नापसंती दर्शविली आहे, हा यातील गमतीचा भाग; त्यांना लाग्रांझ यांची रीत अधिक पसंत होती. सीमेवर आधारलेले इंग्रजीतील पहिले महत्त्वाचे पुस्तक ऑगस्टस डी मॉर्गन (१८०६–७१) यांचे होय (१८४२). डी मॉर्गन यांचा जन्म मदुरेचा.

दिल्ली महाविद्यालयातील अध्यापक रामचंद्र (१८२१–८०) यांच्याशी डी मॉर्गन यांचा संबंध आला, तो याच विषयातून. महत्तम व लघुत्तम मूल्यांचे प्रश्न कलनाखेरीज, केवळ बीजगणिताने कसे सोडवावे हे दाखविणारा इंग्रजी ग्रंथ रामचंद्र यांनी १८५० मध्ये कलकत्ता येथे स्वखर्चाने छापला. क्ष(अ – क्ष) चे महत्तम मूल्य हवे असेल, तर ते र मानून क्ष चे वर्गसमीकरण मांडावे. क्ष वास्तव असण्यासाठी र हा अ²/४ पेक्षा अधिक असून चालत नाही, म्हणून तेच महत्तम मूल्य. येथे नाहीशी होणारी राशी नाही आणि सीमाही नाही. घनसमीकरणे व त्यापुढील उदाहरणांत ही रीत अवजड होते. परंतु भारतीय विद्यार्थ्याला परिचित असलेल्या बीजगणिताच्या वाटेने नव्या विषयाकडे नेण्याची त्यामागील दृष्टी डी मॉर्गन यांना मोलाची वाटली व त्यांच्या प्रस्तावनेसह हा ग्रंथ १८५९ मध्ये लंडन येथे पुन्हा प्रसिद्ध झाला.

मराठीत हा विषय आणण्याचा पहिला मान बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांच्याकडे जातो. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापन करीत असता त्यांनी शून्यलब्धि या नावाने अवकलनावर पुस्तक लिहिले. लब्धि म्हणजे भागाकाराने येणारे फल. वाढ शून्य होत असता येणारी लब्धि असा अर्थ घेतला, तर या एका शब्दात विषयाची रीत आणि अडचण दोन्ही सामावलेल्या दिसतात. पुढे रूढ झालेला अवकलज हा शब्द अधिक सोयीचा आहे, पण तो काही सुचवीत नाही. जांभेकरांच्या विद्यार्थ्यांपैकी केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांनी गणित व ज्योतिष यांच्या अध्यापनाची परंपरा पुण्यात पुढे चालविली.

विसावे शतक : फेलिक्स क्लाइन (१८४९–१९२५) यांच्या प्रेरणेने १९०५ मध्ये जर्मनीतील मेरान योजनेत फलनाची संकल्पना शालेय गणिताच्या केंद्रस्थानी आणावी व कलनाची ओळख माध्यमिक शाळेतच करून द्यावी, अशी शिफारस झाली. इंग्लंडमध्ये दोन परस्परविरोधी पुस्तके जवळजवळ एकाच वेळी निघाली. गॉडफ्रे हॅरल्ड हार्डी यांच्या १९०८ च्या ग्रंथाने व्हायरश्ट्रास यांचा काटेकोरपणा इंग्लंडमधील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत आणला. सिल्व्हॅनस टॉम्सन या विद्युत् अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९१० मध्ये निनावी छापलेल्या पुस्तकात मात्र सीमेला पूर्ण फाटा देऊन, लहानाहून लहान राशी गाळण्याची लायप्निट्स यांचीच रीत हसतखेळत शिकविली. दोन्ही पुस्तके आजही छापली जातात. एब्राहम रॉबिन्सन (१९१८–७४) यांनी १९६० नंतरच्या दशकात गणितीय तर्कशास्त्राच्या साहाय्याने अनंतसूक्ष्म संख्यांची निर्दोष उपपत्ती दिली व १९६६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला; तिच्या आधारे जेरोम काइस्लर यांनी १९७६ मध्ये आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकही तयार केले. बहुसंख्य विद्यापीठांनी तरीही सीमेचा मार्ग सोडलेला नाही.

विद्यार्थ्यांच्या अडचणींचा पद्धतशीर अभ्यास गेल्या अर्धशतकातील आहे. डेव्हिड टॉल व श्लोमो व्हिनर यांनी १९८१ मध्ये, व्याख्या पाठ असतानाही विद्यार्थी मनात साठलेल्या प्रतिमेवरूनच विचार करतो, हे दाखवून दिले. सीमा कधीच गाठली जात नाही, ०.९९९… ही संख्या १ पेक्षा किंचित लहान असते, ही मते याच प्रतिमेतून येतात. वर्गातील अनुभवावरून असे दिसते की, व्याख्येपूर्वी आकडे मांडून पाहणे हितावह असते. क्ष = ३ येथे क्ष² साठी ह = ०.१, ०.०१, ०.००१ घेतल्यास गुणोत्तरे ६.१, ६.०१, ६.००१ येतात व ह = –०.१ घेतल्यास ५.९ येते. दोन्ही बाजूंनी सहाच दिसू लागला की, ‘कितीही जवळ’ याचा अर्थ विचारण्याची वेळ विद्यार्थ्यावरच येते. ज्याफलनाच्या बाबतीत गणकयंत्र अंशांवर ठेवलेले असल्यास कोन १ घेऊन ज्या ÷ कोन हे गुणोत्तर ०.०१७४५ येते, १ च्या जवळपासही येत नाही. येथे शिक्षकाने चूक दुरुस्त करून थांबू नये. ज्येचा अवकलज कोटिज्या येतो तो कोन अरीयमानात मोजला तरच, ही गोष्ट याच प्रसंगी पटते. त्याच गुणोत्तराची सीमा लॉपिताल यांच्या नियमाने काढणारा विद्यार्थी उत्तर बरोबर काढतो. पण ज्येचा अवकलज काढण्यासाठी तीच सीमा आधी लागते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. या चक्रक दोषाला गुण कापावेत की नाही, याविषयी परीक्षकांत एकमत नसते.

महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आल्यानंतर (दहावीची पहिली परीक्षा १९७५) सीमा व अवकलज अकरावी–बारावीच्या पाठ्यक्रमात आहेत. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत हा विषय सामान्यतः इंग्रजीतून शिकतो. संकल्पना नवी आणि शब्दही नवे, असा दुहेरी भार त्याच्यावर त्याच वर्षी पडतो. सीमेच्या व्याख्येतील ‘प्रत्येक … साठी … असा एक तरी’ ही वाक्यरचना त्याला मराठीत सांगितली म्हणजे कोणती संख्या आधी व कोणती नंतर हे तो बहुधा चटकन सांगतो. इंग्रजीतील तेच वाक्य त्याने पाठ केलेले असते, पण त्यातील दोन अटींचा क्रम उलटा करून दिला तर फरक त्याच्या लक्षात येत नाही.